लिंबागणेशचा काळा दगड आणि लोहाऱ्याचा तांबडा डोंगर
एका सोडून दिलेल्या लोहखाणीची कहाणी

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव बालाघाटच्या पठारावर वसलेले आहे. भालचंद्र गणपतीच्या देवळामुळे ते सर्वांना माहीत आहे. परंतु आज आपण देवळाकडे न जाता गावच्या ओढ्याकडे जाणार आहोत. घरात बिघडलेला रेडिओ किंवा जुना स्पीकर पडला असेल तर त्यातले लोहचुंबक काढावे, कागदात गुंडाळावे आणि ओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवावे. कागदाला काळी बारीक रेती मिशीसारखी चिकटून उभी राहते. ही रेती म्हणजे मॅग्नेटाइट, अर्थात लोखंडाचेच एक खनिज. बालाघाटचा काळा दगड शतकानुशतके झिजला आणि त्यातून ती ओढ्यात आली.

आपल्या मराठवाड्याचा काळा दगड म्हणजे बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचला आणि थंड झाला. त्या दगडात शेकडा आठ-दहा भाग लोखंड असते. म्हणजे लिंबागणेशच्या प्रत्येक घराच्या पायात, प्रत्येक विहिरीच्या कडेत लोखंड आहे. मग येथे लोखंडाची खाण का नाही? कारण हे लोखंड दगडात इतके विखुरलेले आणि इतर द्रव्यांशी इतके जखडलेले आहे की ते वेगळे काढण्याचा खर्च लोखंडाच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक होईल. खाण होण्यासाठी नुसते असून भागत नाही, एका जागी साठलेले असावे लागते.

आणि तरीही बीड जिल्ह्याचे नशीब लोखंडाच्याच एका तुकड्याला बांधलेले आहे. तो तुकडा म्हणजे कोयता. दिवाळी आली की गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या वहीत माणसाचे नाव नसते, कोयता असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. हे लोखंड येते कोठून, ते जमिनीतून काढले कोणी, वितळवले कोणी, आणि काढणाऱ्याच्या पदरात काय पडले, असा प्रश्न आपल्या घरात क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यासाठी आपल्याला महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातील लोहाऱ्याला जावे लागेल.

जायचे कसे?

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बीड जिल्ह्यातून हजारो बांधव-भगिनी नागपूरच्या दीक्षाभूमीला जातात. त्यांतील बरेच जण तेथूनच परत फिरतात. त्यांनी दोन दिवस अधिक काढावेत आणि चंद्रपूर गाठावे, अशी आमची विनंती आहे. १४ व १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा सोहळा झाल्यावर १६ ऑक्टोबरला परमपूज्य बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि तेथेही लाखो लोकांना त्यांनी धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या गावची ही दीक्षाभूमी. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला तेथे मोठा सोहळा भरतो.

सरळ जायचे असल्यास परळी किंवा परभणी गाठावी. परभणीहून नांदेड, किनवट, आदिलाबाद, वणी असा लोहमार्ग आहे. प्रवासात खिडकीबाहेर लक्ष ठेवावे. नांदेड सोडल्यावर काही तासांनी आपला ओळखीचा काळा, सपाट माथ्याचा डोंगर मागे पडतो. माती बदलते, साग-बांबूचे जंगल सुरू होते. आपण बसाल्टचा प्रदेश सोडून त्याहून कितीतरी जुन्या खडकांच्या प्रदेशात शिरत असतो. वाटेत भद्रावती लागते. तेथे विजासन टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आहेत. लांबच लांब बोगद्यासारखी वाट आणि तिच्या टोकाला बसलेली बुद्धमूर्ती पाहिल्यावर प्रवासाचा शीण उतरतो.

चंद्रपूर शहराजवळ मूल रस्त्यावर एक लोहारा आहे, तो आपला नव्हे. लोखंडाचा लोहारा जिल्ह्याच्या उत्तर-पूर्व भागात, सिंदेवाहीच्या बाजूला आहे. गोंदिया-नागभीड-बल्लारशा हा लोहमार्ग या भागातून जातो. परिसर ताडोबाच्या जंगलाला लागून असल्याने वाघाचा वावर असतो. एकट्याने जंगलात शिरू नये, गावकऱ्यांना सोबत घ्यावे, वन खात्याची परवानगी लागते की नाही याची चौकशी करावी. जुन्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचते. मुलांना त्यांच्या काठावर जाऊ देऊ नये.

डोंगर लोखंडाचा

इंग्रजी अमदानीतील नोंदींत लोहाऱ्याच्या टेकडीची मापे दिलेली आहेत. लांबी मैलाच्या तीन अष्टमांश, म्हणजे सुमारे ६०० मीटर. रुंदी २०० यार्ड आणि उंची १२० फूट. आकाराने ही काही मोठी टेकडी नव्हे. आपल्या बालाघाटात अशा शेकडो टेकड्या सापडतील. पण त्या काळातील भूगर्भ खात्याचे लोक ती पाहून थक्क झाले, कारण तिच्या अंगाखांद्यावरचा दगड शेकडा साठाहून अधिक लोखंडाचा होता. याच भागात पिंपळगाव, असोला, रत्नापूर, आणि वैनगंगेपलीकडे देऊळगाव येथेही असे साठे आहेत.

या दगडाचे मुख्य खनिज हेमाटाइट. एक अवघड नाव म्हणून घाबरू नये. आपल्या आया-आजी कुडाच्या भिंतीला, तुळईला, कुंडीला जो गेरू लावत आल्या तो याच खनिजाची मऊ, मातीसारखी जात. शुद्ध हेमाटाइटमध्ये शेकडा ७० भाग लोखंड आणि ३० भाग प्राणवायू असतो. वरून दगड काळपट-करडा, कधी पोलादासारखा चमकदार दिसतो. पण खडबडीत कौलाच्या किंवा पांढऱ्या फरशीच्या पाठीवर घासला की रेघ उमटते ती तांबडी. हीच त्याची ओळख. त्याच्या जोडीला थोडे मॅग्नेटाइट असते. त्यात लोखंड शेकडा ७२ भाग, रेघ काळी, आणि ते लोहचुंबकाला चटकन चिकटते. म्हणजे लिंबागणेशच्या ओढ्यातली रेती आणि लोहाऱ्याचा हा दगड एकमेकांचे नातेवाईकच. तिसरे खनिज लिमोनाइट. हे पिवळट-तपकिरी असते. पाण्याशी संयोग होऊन झालेले, एक प्रकारे दगडाला चढलेला गंजच. हातात घेतल्यावर तिन्ही दगड अंदाजापेक्षा जड लागतात. आपल्या काळ्या दगडाच्या जवळपास दीडपट वजन भरते.

हे लोखंड एका जागी साठले कसे, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. काही अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वीवर माणूस नव्हता, प्राणी नव्हते, झाडे नव्हती. हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेले होते, जसे चहात साखर. मग पाण्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव वाढले. सूर्यप्रकाशावर जगणारे हे जीव प्राणवायू बाहेर टाकू लागले. प्राणवायू आणि लोखंड एकत्र आले, गंज तयार झाला आणि तळाशी बसला. मध्येच गारेसारख्या पांढऱ्या द्रव्याचा थर, पुन्हा लोखंडाचा थर. त्यामुळे या खडकात तांबडे आणि पांढरे पट्टे आळीपाळीने दिसतात. पुढे पाण्याने पांढरे द्रव्य धुऊन नेले तेथे निव्वळ लोखंडाचा साठा उरला. हा डोंगर कोणी देवाने उभारला नाही. कार्यकारणाने, एकामागून एक कारण घडत तो तयार झाला. तथागतांनी अनित्यता सांगितली, तिचा पुरावा डोंगरातही वाचता येतो.

भट्टी आणि भाता

विदर्भात लोखंड गाळण्याची विद्या फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नाईकुंड येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले तेव्हा लोखंड गाळण्याची एक छोटी मातीची भट्टी सापडली. वितभर-दीड वितभर रुंदीची, वाकडया विटांनी बांधलेली. शेजारी कीट, म्हणजे लोखंड गाळल्यावर उरणारी मळी, आणि भात्याच्या मातीच्या नळ्या. काळ इसवी सनापूर्वी सुमारे ७००. म्हणजे भगवान बुद्धांच्या जन्माच्याही आधी या मातीतले लोक दगडातून लोखंड काढत होते.

लोहाऱ्याच्या परिसरातील गोंड आणि लोहार मंडळी हीच विद्या एकोणिसाव्या शतकापर्यंत चालवत होती. टेकडीवरचे जड दगड गोळा करायचे, घणाने फोडून हरभऱ्याएवढे करायचे. जंगलातील लाकडाचा लोणारी कोळसा पाडायचा. मातीची कमरेएवढी भट्टी. तीत एक थर कोळशाचा, एक थर दगडाचा. खालून कातडी भात्याने तासन्‌तास हवा. कोळशातून निघणारा वायू दगडातला प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड मोकळे होते. मळी खालून वाहून जाते, शेवटी भट्टी फोडून लालभडक गोळा बाहेर काढतात आणि ऐरणीवर ठोकून त्यातली उरलेली घाण काढतात. भाता बहुधा पायाने चालवायचा, आणि त्यात घरच्या बाईचा वाटा पुरुषाइतकाच. दिवसभराच्या कष्टानंतर मिळायचे ते काही किलो लोखंड. त्यातून विळा, कुऱ्हाड, फाळ, खिळा.

या कारागिरांना समाजाने मान दिला नाही. पण बुद्धशासनात त्यांची नोंद आहे. तथागतांचे अखेरचे भोजन झाले ते पावा येथील चुंद कम्मारपुत्ताच्या, म्हणजे लोहाराच्या मुलाच्या घरी. त्या भोजनानंतर तथागतांना दुखणे झाले. तेव्हा लोक चुंदाला दोष देतील, त्याच्या मनाला लागेल, हे ओळखून त्यांनी आनंदाला बजावले की, चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याचे दान थोर पुण्याचे आहे. मरणाच्या दारात असतानाही एका लोहाराच्या मनाची काळजी करणारा शास्ता आपल्याला लाभला. महाराष्ट्रातील लेण्यांतही ही माणसे भेटतात. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यात कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराच्या दानाचा शिलालेख आहे. रायगड जिल्ह्यातील कुडे लेण्यात कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाचा लेख आहे. आणि अजिंठा-वेरूळचा काळा दगड कशाने फोडला? लोखंडाच्या छिन्नीने. छिन्नी घडवणाऱ्याचे नाव भिंतीवर नसेल, पण त्याच्याशिवाय भिंतच नसती.

भट्टी विझली कशी?

१८७७ च्या सुमारास वर्धा-वरोरा लोहमार्ग झाला. वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली होती. रेल्वेबरोबर विलायती लोखंड स्वस्तात खेड्यापाड्यांत आले. दुसऱ्या बाजूने १८७८ चा जंगल कायदा आला आणि राखीव जंगलातून कोळशासाठी लाकूड तोडणे गुन्हा ठरला. भट्टीला दगड होता, पण कोळसा मिळेना. कोळसा मिळाला तर मालाला गिऱ्हाईक मिळेना. असे होत होत पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बसला. भट्टी विझली आणि लोखंड गाळणारा माणूस मजूर झाला. त्याला कोणी काढून टाकले नाही, हरवले नाही. त्याच्या पायाखालची जमीन कायद्याने आणि बाजाराने काढून घेतली. आपल्या बलुत्याच्या, गावकीच्या वतनांचे आणि कातड्याच्या धंद्याचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. फरक इतकाच की, बाबासाहेबांनी आपल्याला ती गुलामी जाणीवपूर्वक सोडायला शिकवले. लोहाऱ्याच्या कारागिराला पर्याय कोणीच दाखवला नाही.

टाटा आले आणि गेले

१८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाबद्दल सरकारला अहवाल दिला. लोहाऱ्याचा साठा उत्तम असल्याचे त्यात होते. हा अहवाल जमशेदजी टाटा यांच्या वाचनात आला. नागपूरची एम्प्रेस मिल त्यांनी १८७७ साली सुरू केली होती. याच नागपूरच्या गिरण्यांत पुढे आपल्या समाजातील हजारो स्त्री-पुरुषांनी आयुष्य घालवले. टाटांनी लोहाऱ्याचे लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा एकत्र आणून पोलाद काढण्याचा विचार केला. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीला तपासायला पाठवले. उत्तर आले ते निराशेचे. या कोळशाचा कोक होत नाही. पोलादाच्या उंच भट्टीत दगडाचा भार सोसेल असा टणक कोक लागतो, तो या कोळशापासून मिळणार नव्हता. शिवाय तेव्हाचे खाण नियम जाचक होते. बेत बारगळला.

१८९९ मध्ये खाण नियम सैल झाल्यावर टाटांनी पुन्हा उचल खाल्ली. अमेरिकेहून सी. एम. वेल्ड नावाचा खनिजतज्ज्ञ आला. दोराबजी टाटा आणि जमशेदजींचे भाचे शापूरजी सकलातवाला यांच्यासह त्याने चांद्याचे जंगल पालथे घातले. हे सकलातवाला पुढे इंग्लंडला गेले, कामगारांच्या चळवळीत पडले आणि १९२२ साली लंडनच्या बॅटरसी मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. पुढे ते कम्युनिस्ट म्हणून गाजले. मालकाच्या घरात जन्मलेला माणूस लोखंड शोधता शोधता कामगारांचा झाला, हीदेखील या डोंगराच्या इतिहासातील एक नोंद.

वेल्डचा निष्कर्ष असा झाला की, लोहाऱ्याचा दगड उत्तम, पण साठे विखुरलेले. मोठ्या कारखान्याला ते पुरणार नाहीत. काम बंद करण्याचे ठरले. ते कळवण्यासाठी दोराबजी नागपूरला सरकारी कचेरीत गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात, आपण ज्याला अजब बंगला म्हणतो तेथे शिरले. भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भ नकाशा होता. दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण ठळक रंगवलेली दिसली. तेथून ते दल्ली-राजहऱ्याला पोहोचले. तेथे डोंगरच्या डोंगर लोखंडाचे होते. ते साठे आधी नोंदवून ठेवले होते प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाने. याच बोसांनी २४ फेब्रुवारी १९०४ रोजी पत्र लिहून मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसानीचे साठे टाटांना सांगितले. ते झरियाच्या कोक होणाऱ्या कोळशाला जवळ होते. १९०४ च्या मे महिन्यात जमशेदजी वारले. १९०७ साली कंपनी स्थापन झाली आणि १९१२ साली साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला पोलाद निघाले.

लोहारा मागेच राहिला. वरोऱ्याची कोळसा खाणही १९०६ मध्ये बंद पडली. आज पोलादाचा इतिहास सांगणारे जमशेदपूरपासून सुरुवात करतात. त्याचे पहिले पान सिंदेवाहीच्या जंगलात आहे, हे थोड्यांनाच ठाऊक आहे.

राजहऱ्याचे कामगार

लोहारा सोडून राजहरा सापडला, त्याचे पुढे काय झाले? स्वातंत्र्यानंतर रशियाच्या मदतीने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. १९५९ साली त्याची पहिली भट्टी पेटली. तिला दगड येऊ लागला दल्ली-राजहऱ्याहून. घण आणि टोपली घेऊन हाताने दगड फोडणारे-भरणारे हजारो ठेकेदारी मजूर तेथे होते. आदिवासी, दलित, छत्तीसगढी शेतमजूर. त्यांत अर्ध्याच्या जवळपास बाया. १९७७ साली त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभी केली. २ आणि ३ जून १९७७ ला पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणे अकरा माणसे मेली. अनसूयाबाई ही खाण कामगार स्त्री त्यांच्यात होती. पण संघटना मोडली नाही. कामगारांनी दारूबंदीची मोहीम चालवली, शाळा काढल्या आणि वर्गणी व श्रमदानातून १९८३ साली शहीद हॉस्पिटल उभे केले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे झोपेत गोळी घालून नियोगींचा खून झाला. दवाखाना मात्र कामगारांनी चालू ठेवला. दगड फोडणाऱ्या हातांनी दवाखाना बांधला, हे आपल्या वस्तीतील प्रत्येक मंडळाने आणि महिला संघाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मजूरमंत्री बाबासाहेब आणि खाण

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. खाणी त्यांच्या खात्याखाली येत. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा क्षेत्रात गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या चाळी पाहिल्या. बॅरिस्टर, डॉक्टरेट मिळवलेला मंत्री अंधाऱ्या बोगद्यात उतरून मजुराला त्याची मजुरी विचारतो, असे दृश्य त्या काळात दुर्मिळ होते. १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी सुरू झाला. खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात १९४३ साली दुरुस्ती झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत.

याच काळात एक कठीण प्रसंग आला. महायुद्धामुळे कोळशाची टंचाई होती आणि सरकारने स्त्रियांना भूमिगत खाणीत उतरण्यावर असलेली बंदी तात्पुरती उठवली. कायदेमंडळात टीका झाली. फेब्रुवारी १९४४ मधील चर्चेत बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडली, पण एक गोष्ट ठामपणे सांगितली. स्त्रियांना त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. समान कामाला समान दाम हे तत्त्व त्यांनी खाणीच्या तोंडाशी आणून ठेवले. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. खाणीत उतरण्याची मुभा स्त्रियांना पुन्हा मिळाली ती २०१९ मध्ये, तीही अटींवर.

स्वतंत्र भारतात १९६१ साली लोहखाण कामगारांसाठीही कल्याण अधिभाराचा कायदा झाला. दगडाच्या प्रत्येक टनामागे काही रक्कम मजुरांच्या दवाखान्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी. पुढे हा अधिभारच रद्द झाला. कायदा मिळणे आणि कायदा टिकणे या दोन वेगळ्या लढाया आहेत.

आता पुन्हा आपला कोयता आठवावा. खाणीतल्या बाईला बाळंतपणाचा पगार मिळावा, ही गोष्ट १९४१ साली कायद्यात बसली. आपल्या बीडच्या ऊसतोड भगिनीला आजही ती मिळत नाही. फडात खाडा झाला तर दंड कापला जातो. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दर सहा बायांत एक. लोखंड खाणीतून निघून फडापर्यंत आले, पण खाणीतला कायदा फडापर्यंत आला नाही.

डोंगर पुन्हा जागा होतो तेव्हा

लोहाऱ्यासारखी सोडलेली जागा कायमची सोडलेली राहतेच असे नाही. लोखंडाचा भाव वाढला, यंत्रे बदलली, की जुने नकाशे पुन्हा उघडले जातात. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर शतकभर कागदावरच माहीत होता. २०२१ पासून तेथे मोठ्या प्रमाणावर लोहखनिज निघू लागले. कोणाला नोकरी मिळाली, कोणाची शेती लाल धुळीने झाकली, कोणाच्या देवाचा डोंगर गेला. बोलणारे दोन्ही बाजूंनी बोलतात. आपण भावनेत न वाहता कायदा हातात घ्यावा. अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो. २००६ चा वनहक्क कायदा जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य करतो. २०१५ पासून खाणमालकाने रॉयल्टीच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम भरावी लागते आणि ती खाणग्रस्त गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणावर खर्च व्हावी असे ठरले आहे. ज्या ज्या जिल्ह्यात आपले बांधव खाणीजवळ राहतात, तेथील मंडळांनी हा निधी किती जमला आणि कोठे गेला याची माहिती अधिकारात लेखी विचारणा करावी. पोस्टाचे तिकीट आणि दहा रुपये एवढाच खर्च आहे.

धम्मपदाच्या मलवग्गात गंजाचा दाखला येतो. गंज लोखंडातूनच उपजतो आणि लोखंडालाच खातो, तसे माणसाचे वाईट कर्म त्याला खाते, असा त्याचा भाव. लोहाऱ्याच्या टेकडीवर हा दाखला वेगळ्या तऱ्हेने समजतो. कारखान्यात आपण प्राणवायू काढून दगडाचे लोखंड करतो. वापरायचे सोडले, निगा राखली नाही, की हवा-पाणी त्याला पुन्हा दगड करायला लागतात. संघटनेचे आणि हक्काचेही तसेच. मिळवताना भट्टी लागते, टिकवताना रोज हात फिरवावा लागतो.

मुलांसाठी

सहलीला जाताना प्रत्येक मुलाजवळ एक लोहचुंबक, पांढऱ्या फरशीचा एक तुकडा आणि वही असावी. रस्त्याकडेचा सुटा दगड उचलावा, डोंगराला हात लावू नये. तीन प्रश्न वहीत लिहावेत. दगड जड आहे का? फरशीवर रेघ कोणत्या रंगाची उमटली? चुंबकाला चिकटला का? तांबडी रेघ आणि चिकटत नाही, तर बहुधा हेमाटाइट. काळी रेघ आणि चटकन चिकटतो, तर मॅग्नेटाइट. पिवळी-तपकिरी रेघ, तर लिमोनाइट. घरी आल्यावर ओढ्यातील काळ्या रेतीशी ताडून पाहावे. कोणी सांगितले म्हणून मानू नये, स्वतः तपासून पाहावे, ही तथागतांची शिकवण आहे. शाळेतील विज्ञानाचा गुरुजी हे सांगो न सांगो, आई-वडिलांनी मात्र सांगावे.

आणि परतताना चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर थोडे थांबावे. त्या मैदानावर १९५६ साली जे लोक जमले त्यांत शेतमजूर होते, कोळसा खाणीत राबणारे होते, विडी वळणाऱ्या बाया होत्या. सरकारच्या आणि मालकांच्या वह्यांत त्यांची गणना हात म्हणून होत होती. त्या दिवशी ते माणूस म्हणून घरी परतले. मुकादमाच्या वहीतला कोयता अजून माणूस व्हायचा आहे. ते काम आपल्या पिढीकडे आले आहे.

जयभीम!